हिरवे पापुद्रे

बाथटबच्या कडेवर पोट टेकवून, आत डोकं घालून धाकटा पडला होता. कामात गढल्यासारखा. नाकावर फडकं बांधलेलं. जीव केव्हाच गेला होता.

पहिल्यांदा पाहिलं ते थोरल्या भावानं. जुन्या टबांचा रंग काढून नवा चढवायचा त्यांचा धंदा. ठेका थोरल्याचा, अंगमेहनत धाकट्याची.

कामगार सुरक्षा खात्याच्या तपासनीस बाई आल्या तेव्हा प्रेत हलवलेलं नव्हतं. त्या वाकल्या. शर्टाच्या पाठीवर हिरव्या रंगाचे कोरडे पापुद्रे होते. टब पांढरा. हिरवी होती ती फक्त खिडकीची चौकट.

"खिडकी कुणी उघडली?"

"उघडीच होती," थोरला म्हणाला. "मी कशालाही हात लावला नाही."

दोन दिवसांनी अहवाल आला. रक्तात कार्बन मोनॉक्साइड. पोलिसांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. भिंतीवर गॅसचा गीझर होताच. आता घरमालकीण म्हातारी अडकणार, हे उघड होतं.

"अहो, गॅसची नळी मी मागच्या महिन्यातच काढून घेतलीय," म्हातारी परत परत सांगत होती. कुणी ऐकत नव्हतं. बाईंनी गीझरच्या मागे हात घातला. नळी जोडायच्या तोंडाला बूच होतं, आणि बुचावर धूळ.

मग त्या धाकट्याच्या बायकोकडे गेल्या. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच्याच कपड्यांच्या.

"ताई, त्यांना काही त्रास व्हायचा?"

"घरी आले की झिंगल्यासारखे बोलायचे. पीत तर नव्हते." आवाजात चढ ना उतार. "डोकं दुखायचं. सुट्टीच्या दिवशी बरं असायचं."

"आणि तुमचे दीर?"

"भाऊजी आधी स्वतः रंग काढायचे. गेल्या वर्षी टबातच कोसळले. तेव्हापासून दारातूनच बोलतात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना त्याच बाथरूमबाहेर बोलावलं. फौजदारही होते.

"गीझर पेटलाच नाही," त्या म्हणाल्या. "मग रक्तात तो वायू आला कुठून? टबाशेजारच्या या डब्यातून. रंग काढायच्या या द्रावणात मिथिलीन क्लोराईड आहे. ते श्वासातून आत गेलं, की शरीरच त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनवतं. त्यासाठी ना आग लागते, ना धूर. पण मारलं ते त्याआधीच्या गुंगीनं. वाफ हवेपेक्षा जड. टबात पाण्यासारखी साचते, आणि याचं डोकं टबातच होतं. फडक्यानं ती अडत नाही."

"म्हणजे अपघातच," थोरला पुटपुटला.

"खिडकी रंगानं चिकटलेली होती. जोर लावून उघडली, तेव्हा पापुद्रे उडाले आणि त्याच्या पाठीवर पडले. म्हणजे तो पडल्यावर उघडली. तुमच्याआधी इथे कुणीच आलं नव्हतं. बंद खोली दिसू नये, म्हणून उघडलीत. स्वतः कोसळला होतात, तरी भावाला आत धाडलंत."

थोरला भिंतीला टेकला.

"त्यानं विचारलं होतं," तो म्हणाला. "दादा, खिडकी उघडू का? मी म्हटलं, शेजारी वासाची बोंब मारतील, काम बंद पाडतील. उरक लवकर."

फौजदारांनी त्याचा दंड धरला. कुणी रडलं नाही.

"भाऊजी," धाकट्याची बायको म्हणाली. "आज यांच्या जागी कोण गेलंय?"

थोरल्यानं मान खाली घातली. "नवा कामगार. पलीकडच्या गल्लीत. कोपऱ्यावरचं घर."

बाई धावल्या. मागोमाग तीही. बाथरूमचं दार लोटलं तेव्हा नवा कामगार टबाच्या कडेला धरून डोलत होता. दोघींनी त्याला ओढून बाहेर काढलं, जिन्याच्या पायरीवर बसवलं. बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला.

"काही झालं नाही मला. डोकं जरा जड झालंय," तो म्हणाला. "जातो परत. मालक ओरडतील."

ती त्याच्या शेजारी टेकली.

"नाही ओरडणार," ती म्हणाली. "बसा."