दहा चाळीसची पीयूसी

“काका, गाडी न आणताच पीयूसी काढून देता का हो?”

अवंतीने विचारलं आणि गोत्री रस्त्यावरच्या त्या धूर-तपासणीच्या टपरीतले सगळे वळून बघू लागले. मागे स्कूटीवर बसलेली दीप्ती ओढणीत तोंड खुपसून हसत होती. पैज तिचीच. “अख्ख्या अकरावीत तुझ्याएवढं तोंड कुणाचं चालत नाही ना? मग विचारून दाखव!”

अवंतीने दाखवलं. हल्ली तिला कुणाचीच भीती वाटत नसे.

पण पैजेमागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. अवंतीचे बाबा, दिग्विजयराव, शाळेची व्हॅन चालवत. त्या व्हॅनच्या मागच्या सीटवर बसणारी भक्ती, या दोघींची जिवलग मैत्रीण, सोमवारी शाळेच्या दारात बेशुद्ध पडली. दिवाळीपासून तिला दम लागतच होता. डॉक्टर म्हणाले, गाडीचा धूर आत येतोय का बघा. भक्तीची आई भांडायला आली, तर बाबांनी पीयूसीचा कागद पुढे धरला. पास! मग काय, सोसायटीने भक्तीलाच नाटकी ठरवलं.

अवंतीने तो कागद नीट वाचला होता. तारीख दसऱ्याची. वेळ, सकाळी दहा चाळीस.

आणि तिथेच घोडं अडलं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, म्हणून दसऱ्याला त्यांच्या घरी आधी तलवारीची पूजा, मग त्याच ताम्हनातलं कुंकू गाडीला. दुपारपर्यंत व्हॅन जागची हलत नसे. तिच्या मोबाइलमध्ये फोटोच होता, वेळ दहा अडतीस. व्हॅनच्या बंपरवर झेंडूचा जाडजूड हार, शेजारी आई-बाबा. सावली गावात अशीच शाळेची व्हॅन चालवणारा संपतकाका तेवढा फोटोत नव्हता. आपट्याची पानं घेऊन तो उशिरा उगवला होता.

म्हणजे गाडी घरी आणि कागद इथे. बाबांना कुणीतरी फसवलं होतं, आणि कुणी ते अवंती शोधणार होती.

टपरीवाले विक्रमसिंह भडकले. “शुं बोली, बेन? गाडीशिवाय फोटो निघेल कसा? आ जो!”

त्यांनी स्क्रीन फिरवला. पांढरी व्हॅन, पिवळा पट्टा, समोर अवंतीच्याच व्हॅनचा नंबर.

“हार कुठाय?”

“हार-बार काही नव्हता.”

“कोण घेऊन आलं होतं?”

“दसऱ्याची गर्दी. चेहरे कुठे लक्षात राहतात?”

“आणि मशीनवर?”

“एकदम चोख. अशा गाड्या रोज येवोत!”

दीप्तीचं हसू विरलं. “अगं, एक गाडी दोन ठिकाणी?”

अवंतीने स्कूटी गजेंद्रभाईंच्या गॅरेजकडे वळवली. व्हॅनचं सगळं काम तेच करत, म्हणजे घोटाळा त्यांचाच. तिने सरळ विचारलं, “आमच्या व्हॅनला काय केलंत?”

गजेंद्रभाईंनी हात पुसले. “इंजिन बदललं. श्रावणात. जुनं बसलंच होतं. तुझ्या पप्पांनी भंगारातून दुसरं आणलं, दुसऱ्याच मॉडेलचं. वायरी जुळेनात, धूर साफ करणारा डबा बसेना. तो काढूनच टाकला.”

“पीयूसी कुणी काढली?”

“मी नाही, बेटा. मी चार वेळा मशीनवर लावली, चारही वेळा फेल. हात जोडून सांगितलं, दिग्विजयभाई, यात पोरं बसवू नका. मागच्या दाराचं रबर फाटलंय, धूर सगळा आत जातो.”

“मग आता दुरुस्त करा ना!”

“हे इंजिन? हे कधीच पास होणार नाही.”

परतताना दीप्ती आपल्या गल्लीशी उतरली आणि न हसता निघून गेली.

पार्किंगमध्ये व्हॅन उभी होती. अवंती पुढच्या नंबर प्लेटशी उकिडवी बसली. सरकारी प्लेट एकदा ठोकली की निघत नाही, तिच्या खिळ्यांची टोपणं तोडावी लागतात. मागच्या प्लेटची टोपणं शाबूत होती. पुढच्या प्लेटला दोन कोरे, चकचकीत स्क्रू.

तिने मोबाइल काढला. दसऱ्याचा फोटो मोठा केला. मग आदल्या वर्षीचा. त्याच्या आदल्या वर्षीचा.

दर वर्षी हार काचेवर असायचा. फक्त यंदाच खाली.

मोबाइल मुठीत धरून ती जिना चढली.

वर बाबा चहा पीत होते. आई, स्नेहलता, मेथी निवडत होती. अवंतीला वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की आपण ऐटीत बोलू. आता ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

“बाबा, दसऱ्याला आपली गाडी पीयूसीला गेलीच नव्हती. फक्त तिची प्लेट गेली होती.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“संपतकाका आधी सकाळीच गुपचूप येऊन गेला. तुम्ही पुढची प्लेट काढून त्याच्या व्हॅनला लावलीत. दोन्ही गाड्या सारख्या, पण त्याचं इंजिन चांगलं. तो गोत्रीला जाऊन पास होऊन आला, म्हणून फोटोत नाही. आणि आपल्या गाडीची रिकामी जागा कुणाला दिसू नये म्हणून हार खाली बांधलात. बंपरवर.”

बाबांनी नाही म्हणावं म्हणून ती थांबली.

“हार मी बांधला,” आई खाली बघत म्हणाली. “कल्पनाही माझीच. पूजेचा हार कोण उचलून बघणार?”

अवंतीने आईकडे पाहिलं. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

“वाघोडियाची कंपनी बंद पडून माझी नोकरी गेली तेव्हा तू नववीत होतीस,” बाबा म्हणाले. “या वयात मला कोण घेणार? व्हॅन थांबली की आपलं घर थांबलं. वाटलं, वर्षभर निभेल.”

“भक्तीची फुप्फुसं? ती निभतील?”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पूर्वीसारखी होणार नाहीत म्हणाले. तिच्या आईने मला कालच सांगितलं. तुम्ही विचारलंत तरी का?”

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई मेथीची तीच काडी पुन्हा पुन्हा मोडत राहिली. अवंतीला दोघांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. पण उद्या सकाळी मागच्या सीटवर भक्तीच्या जागी पाचवीतली आकांक्षा बसणार होती. खिडकी मिळणार म्हणून ती आज दिवसभर नाचत होती.

“आई, बाबा, मी ठरवलंय. आत्ता भक्तीच्या घरी जाऊन तिच्या आईला हा फोटो दाखवणार. आणि उद्या सव्वासहाला खाली व्हॅनच्या दारात उभी राहणार. एकही पोर आत चढू देणार नाही. आपलं कसं होईल ते मला माहीत नाही. पण चढू देणार नाही.”