विजोड काड्यांची जोडी

२०१६ सालची दिवाळीची सुट्टी. डोंबिवलीत फडके रोडजवळच्या एका सोसायटीच्या आवारात बालपथकाची तालीम रंगात आली होती. सहामाही परीक्षेनंतरची ही पहिलीच तालीम! आणि तेवढ्यात हितेशच्या हातातून ढोलाचं टिपरू सुटलं. ते गरगरत गेलं आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या शंकरपाळ्यांच्या परातीत जाऊन पडलं!

"मेल्यांनो, आता तुम्हीच खा ही शंकरपाळी!" खिडकीतून आवाज आला.

"चालेल काकू!" हितेश ओरडला.

सगळे खो खो हसले. योगिनी मात्र हसली नाही. सातवीतली योगिनी ही पथकाची ताशेवाली. तिच्या दोन काड्या ताशावर फिरू लागल्या की पाखरांचा थवा उडाल्यासारखा सलग आवाज उठायचा. आज मात्र तो लंगडत होता. तर्र-ट, तर्र-ट...

पथकाला शिकवणाऱ्या कमलेशदादांनी हात वर करून वादन थांबवलं. "योगिनी, परीक्षेमुळे हात आखडलाय तुझा. अगं, नरकचतुर्दशीला सकाळी अख्खी डोंबिवली फडके रोडवर असते! या वेळी तू झांज घे. ताशा समृद्धी वाजवेल."

"दादा, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा ना! प्लीज!"

"बरं. पण उद्याही असंच वाजलं तर झांज. आणि रडायचं नाही!"

योगिनी रडली नाही. पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली, एवढंच. हितेश आणि त्याची धाकटी बहीण अक्षदा तिच्यामागोमाग आले.

"नजर लागली असणार," हितेश म्हणाला. "ताशाला लिंबू-मिरची बांधूया."

"तू गप रे!" अक्षदा टिपरू नाकाशी धरून बसली होती. "दादा, याला वास येतोय. आपल्या नव्या कपाटाला येतो ना, तसा!"

तिघांनी टिपरू हातात घेऊन पाहिलं. केवढं चकचकीत! हात लावला की निसटत होतं. योगिनीने आपल्या वेताच्या काड्या पाहिल्या. त्याही तशाच! आणि धरायच्या जागी गुंडाळलेल्या लाल पट्ट्या गायब!

"परीक्षा होती म्हणून आपण यांना हातच लावला नव्हता," योगिनी आठवत म्हणाली. "त्याआधी खंडेनवमीच्या पूजेत ठेवल्या होत्या. पूजा कोणी मांडलेली?"

"पोपटकाकांनी!" तिघेही एकदम ओरडले.

पहिल्या मजल्यावरचे पोपटकाका निवृत्त झाल्यापासून जिन्याचे कठडेसुद्धा दर रविवारी पुसायचे. मुलं त्यांच्या घरी गेली तेव्हा ते आकाशकंदील पुसत होते. आणि गॅलरीत पॉलिशचा डबा!

"काका, आमच्या काड्यांना पॉलिश तुम्ही केलंत?"

"मग! दुसरं कोण करणार?" काकांची छाती फुगली. "खंडेनवमीला आपापल्या शस्त्रांची पूजा करतात. तुमची मळकी शस्त्रं तशीच देवीपुढे मांडू? पट्ट्या काढल्या, साबणाने धुतली, पॉलिशचे दोन हात दिले. ताशाच्या सगळ्या काड्या नीट मापून सारखीला सारखी लावली आणि जोड्या बांधल्या. काय गबाळा कारभार होता तुमचा!"

"म्हणूनच माझं टिपरू उडालं काका! आणि योगिनीचा ताशा तर..." हितेशने सगळं सांगितलं.

काकांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि काचपेपर घेऊन आले. "बसा खाली. घासा!"

चौघांनी दुपारभर काड्या घासल्या. टिपरू हितेशच्या मुठीत पुन्हा घट्ट बसलं. योगिनीने तिच्या बारीक काड्यांची जोडी उचलली, ताशावर टेकवली, आणि...

तर्र-ट. तर्र-ट.

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हातच बिघडलाय माझा."

"ए, थांब! आईच्या मोबाइलमध्ये विसर्जनाचा व्हिडिओ आहे!" अक्षदा धावत जाऊन मोबाइल घेऊन आली. तिघांची डोकी त्यावर वाकली. मागून काकाही चष्मा सरसावून पाहू लागले.

"मागे घे! अजून मागे! इथे थांबव!"

दोन्ही काड्यांना लाल पट्टी होती. पण टोकं?

"अरे, उजवी रिफिलएवढी आणि डावी पेन्सिलीएवढी!" हितेश किंचाळला.

"पण मी तर दोन्ही सारख्याच समजून वाजवायचे!" योगिनी चकित झाली. "पहिल्या दिवशी पथकाच्या काड्यांच्या बादलीतून उचलल्या, हाताला बऱ्या वाटल्या, पट्टी गुंडाळली. पुन्हा बघितलंच नाही."

"तुझं डावं मनगट मोडलेलं ना गं, दुसरीत? सायकलवरून पडलेलीस!" अक्षदा म्हणाली. "त्या हाताचा जोर कमी. मग जाड काडी स्वतःच्या वजनाने पडत असणार!"

पोपटकाकांनी कपाळावर हात मारला. "आणि मी विजोड दिसली म्हणून ती जोडी फोडली!"

काकांनी भराभर सगळ्या जोड्यांचे दोरे सोडले. योगिनी एकेक जाड काडी डाव्या हातात घेऊन वाजवत गेली. ही जड. ही आखूड. ही... तर्रर्रर्रर्र!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमलेशदादा आले, तेव्हा सोसायटीच्या हॉलचं दार बंद होतं आणि आतून ताशा कडाडत होता.

"विसर्जनाचा व्हिडिओ लावलाय का रे? स्पीकर बंद करा. तालीम सुरू करायचीय."

"स्पीकर बंद होत नाहीये दादा," हितेश गंभीरपणे म्हणाला. "तुम्हीच बघा!"

दादांनी दार उघडलं. योगिनीने मान वर केली, पण हात थांबवला नाही. दादा तिथेच उभे राहिले.

"चुकलो गं मी," सगळं ऐकल्यावर ते म्हणाले. "तुझ्या हाताला नावं ठेवली, पण हातात काय आहे ते पाहिलंच नाही. शाब्बास रे तिघांनो!"

नरकचतुर्दशीला योगिनीच्या ताशाने फडके रोड जागा केला. तिच्या काड्यांवरची नवी लाल पट्टी पोपटकाकांनी स्वतः गुंडाळली होती. ती जरा वाकडीच होती. ती सरळ करायचा मोह त्यांनी आवरला.

आता हितेश ठाण्यात नोकरी करतो. गणपतीत सुट्टी मिळाली नाही तर साहेबांशी भांडतो. अक्षदा कॉलेजात आवाजाचं शास्त्र शिकते आहे. कमलेशदादांचे केस पिकले. पथक योगिनी चालवते. नवीन मूल आलं की ती काड्यांची बादली पुढे ठेवते आणि सांगते, "बघून नको, वाजवून निवड."

बादलीशेजारी खुर्ची टाकून पोपटकाका बसलेले असतात. खंडेनवमीला ते अजूनही अख्खी सोसायटी पुसून काढतात. बादलीवर मात्र लांबूनच दोन फुलं वाहतात आणि हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहतात.