छत्तीस बाटल्यांची धूळ

"अगं बाई!... प्रमोदिनी, हे काय करून बसलीस गं?"

भाजीची पिशवी तुळसाबाईच्या हातातून तिथंच गळून पडली. मागच्या पडवीत, सकाळच्या उन्हात, छत्तीस बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, घासूनपुसून लख्ख... आणि बादलीतल्या राखेच्या पाण्यावर भिजल्या कागदांचे तुकडे तरंगत होते! तिची धाकटी जाऊ, अठरा वर्षांची प्रमोदिनी, पदर खोचून घामाघूम उभी होती आणि चक्क हसत होती.

"बघा ना जाऊबाई, कसली कोळिष्टकं बसली होती! उद्या मुंबईहून एवढे बडे लोक यायचे, भाऊजींना नावं नसती का ठेवली? गरम पाण्यात भिजवल्या, राखेनं घासल्या... ते कागद तेवढे निघता निघत नव्हते मेले!"

आता या पोरीला बोलायचं तरी काय? दिवाळीच्या आधी घरातलं भांडंन् भांडं घासून काढायचं, हेच कल्याणच्या माहेरी शिकून आलेली ती! धुळीलाही किंमत असते, हे तिला कुणी सांगावं?

ते साल एकोणीसशे एकोणपन्नास. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या बंगल्याचे गोरे साहेब कायमचे विलायतेला निघाले होते, दारूबंदी उंबरठ्यावर येऊन ठेपली होती, आणि साहेबांनी तीस वर्षं हौसेनं जमवलेल्या फ्रान्सकडच्या जुन्या वाइनचा दुसऱ्या दिवशी लिलाव होता. त्या तळघराची किल्ली बावीस वर्षं एकाच माणसाच्या कमरेला होती, तुळसाबाईच्या नवऱ्याच्या, परशुरामच्या. इंग्रजीचं अक्षर त्याला येत नव्हतं, पण अंधारात नुसता हात फिरवून तो बाटलीचं साल सांगायचा. आणि थेंब म्हणून कधी जिभेला लावला नाही हो त्यानं! या छत्तीस बाटल्या सगळ्यांत जुन्या, साहेबांच्या जीव की प्राण. बघायला येणाऱ्यांसाठी त्यानं त्या आदल्या संध्याकाळी एकेक करून हलक्या हातानं वर आणल्या, आडव्या निजवल्या आणि बंगल्यामागच्या आपल्याच पडवीत गारव्याला ठेवल्या होत्या. वर साचलेली धूळ म्हणजे बाटली कुणी हलवली नाही याची खूण, आणि तो कागद म्हणजे तिचं गाव नि साल. दोन्ही गेली की उरतं काय? नुसतं लाल पाणी! लिलाव नीट पार पडला की मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत कोठीवर ठेवून घेण्याची चिठ्ठी साहेब परशुरामला देणार होते. साऱ्या घराचं पुढचं आयुष्य त्या चिठ्ठीवर होतं.

तुळसाबाईनं ते सांगितलं मात्र, प्रमोदिनी मटकन खालीच बसली.

"जाऊबाई... आता हे मला नाही ठेवायचे! परवा इस्त्री करताना त्यांचा शर्ट जळला तेव्हाच बजावलंय त्यांनी, आणखी एक चूक झाली की तुला कायमची कल्याणला सोडून येईन..."

प्रमोदिनीच्या नवऱ्याचा, आपल्या धाकट्या दिराचा, उत्तमचा राग तुळसाबाईला काय ठाऊक नव्हता? पाच वर्षांचा असल्यापासून पोटच्या पोरासारखा वाढवलेला तिनं! बोलला की करून दाखवणारा हट्टी पोर. आणि प्रमोदिनीला तिसरा महिना लागलेला... ज्या घरात वीस वर्षं पाळणा हलला नाही, त्या घरात! एका बाजूला नवऱ्याचा आयुष्यभराचा विश्वास, दुसऱ्या बाजूला हे थरथरणारं लेकरू...

"ऊठ. हात पूस आणि आत जाऊन पड," ती म्हणाली. "हे मी केलंय."

"नाही हो, जाऊबाई!"

"तुझ्या पोटातल्या जिवाची शपथ आहे तुला, तोंड उघडलंस तर!"

तासाभरात लिलाववाल्यांना स्टेशनवरून घेऊन दोघे भाऊ आले. परशुराम पडवीत पाऊल टाकतो तोच थिजला. खाली बसून त्यानं एक बाटली हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"कुणी... कुणी केलं हे?"

"मी. मळकट दिसत होत्या, म्हणून धुतल्या."

तो तिच्याकडे बघतच राहिला. ओरडेल, हात उगारेल असं तिला वाटलं... पण तो नुसता बघत राहिला, आणि मग त्यानं जी मान फिरवली ती फिरवलीच.

उत्तम मात्र कडाडला. "वहिनी, तू? अगं, दादाच्या बावीस वर्षांची माती केलीस!" आणि त्या दिवसापासून त्यानं तिला 'तू' म्हणणं सोडलं. परकी बाई असावी तसं 'तुम्ही' म्हणू लागला.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात "एक वार... दोन वार..." चाललं होतं. बाकीच्या बाटल्यांवर उड्या पडत होत्या. या छत्तीस मात्र जो तो उचलून उजेडात धरी, हसून खाली ठेवी. शेवटी मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाबरोबर कुणीतरी त्या नेल्या. जाताना साहेबांनी परशुरामकडे वळूनही पाहिलं नाही. चिठ्ठीचं नावच नको!

कल्याणच्या बाजारात, कांद्याच्या वखारीत परशुरामला काम मिळालं. प्रमोदिनीला मुलगा झाला, सुधीर. पुढं उत्तमनं डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. आणि कल्याणच्या त्या खोलीत उरली दोन माणसं, न बोलणारी! 'पाणी', 'येतो', 'दार लाव', याखेरीज सात वर्षांत परशुराम बायकोशी शब्द बोलला नाही. ती त्याच्या आवडीची कालवणं करी, तो मुकाट जेवून उठे. किती वेळा तिच्या ओठांवर आलं, "अहो, मी नव्हते हो ती!"... आणि किती वेळा तिनं ते गिळलं! सांगितलं तर ते उत्तमला सांगतील, आणि पोरीचा संसार उधळेल, हीच धास्ती.

छप्पन साली उत्तमनं डोंबिवलीला स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांत होती. तुळसाबाई हौसेनं पूजेचा कलश उचलायला वाकली, आणि चारचौघांत उत्तमचा आवाज आला,

"राहू द्या वहिनी. तुम्ही कशाला हात लावू नका. एका घराचं केलंत तेवढं पुरे!"

तुळसाबाईचा हात तसाच अधांतरी राहिला. आणि तोच सोवळं नेसलेली प्रमोदिनी पाटावरून ताडकन उठली!

"त्यांना नका बोलू! मी धुतल्या त्या बाटल्या, मी! शपथ घातली होती त्यांनी मला. मोडते आज! जे काय व्हायचं ते माझं होऊ दे, पण या माउलीला आता एक शब्द नका बोलू!" आणि ती तुळसाबाईच्या पायांवर कोसळून हमसून हमसून रडू लागली.

उत्तमच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो भिंतीला धरून कसाबसा म्हणाला, "दादा... ऐकलंस?"

परशुराम जागचा हलला नव्हता. "मला त्याच दिवशी कळलं होतं," तो हळू म्हणाला.

"काय?" तुळसाबाईच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुला तळघर दाखवायला नेलं होतं. बाटल्यांवरची धूळ पुसली जाऊ नये म्हणून पदर मुठीत धरून चालली होतीस तू. तू त्या बाटल्या धुवायची नाहीस, मेलीस तरी नाहीस, एवढं मला कळत नव्हतं?"

"मग सात वर्षं... सात वर्षं मला वाळीत का टाकलंत?"

"खोटं बोललीस तू माझ्याशी!" आता त्याचाही आवाज कापू लागला. "बाटल्या गेल्या, नोकरी गेली, जाऊ दे गेली तर! जगाशी खोटं बोलायचं होतंस. पण रात्री घरात, मला एकट्याला तरी खरं सांगशील, म्हणून वाट बघत राहिलो. आज सांगेल, उद्या सांगेल... माझ्यावर तेवढाही भरवसा नव्हता तुझा?"

"आणि मी वाट बघत होते, की एकदा तरी विचाराल! एकदा तरी म्हणाल, की बाई गं, खरं काय ते सांग!"

भटजीही मंत्र विसरून बसले होते. उत्तम पुढं आला आणि लहानपणी शिरायचा तसा तिच्या कुशीत डोकं खुपसून म्हणाला, "वहिनी, मला मार गं... तू मला मार!" तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, प्रमोदिनीला उठवून पाटावर बसवलं, स्वतः कलश मांडला. पूजा झाली, पानं उठली. परशुरामकडे मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही.

दुपार कलल्यावर दोघं स्टेशनाकडे निघाली. रस्ता उन्हानं तापला होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तुळसे, काहीतरी बोल गं."

"बोलू?" ती रस्त्यातच थांबली. "बोलू म्हणता? तर मग ऐका! दगड आहात तुम्ही दगड! माझी आई गेली तेव्हासुद्धा 'रडू नको' म्हणाला नाहीत. तापानं फणफणले होते, तेव्हा उशाशी पाणी ठेवून गेलात, कपाळाला हात नाही लावलात..."

"रात्रभर दाराशी बसलो होतो."

"मला काय दिसलं ते दाराआडचं? आणि जन्माष्टमीला दिवसभर उपाशी होते, तेव्हा..."

लोक वळून वळून बघत होते. पन्नाशीकडे झुकलेली बाई भर रस्त्यात नवऱ्याला फाडफाड बोलत होती, रडत होती, पदरानं नाक पुसत होती, आणि तो पिकल्या केसांचा माणूस तिची पिशवी हातात घेऊन तिच्या बरोबरीनं चालत तिच्या एकेका प्रश्नाला उत्तर देत होता.