वळणावरचा ठिपका

नकाशाला तारखा जोडायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. वाकडच्या ऑफिसात बसून मी दिवसभर तेच करते. स्क्रीनवर वरच्या बाजूला नकाशा, खाली काळाची पट्टी. पट्टीवरची तारीख दाबली की नकाशा सरकत त्या जागी जातो, ठिपका पेटतो आणि फोटो उघडतो. लोकांना जादू वाटते. जादूबिदू काही नाही. पट्टी आणि नकाशा एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. प्रत्येक प्रसंगाला एक क्रमांक द्यायचा, तोच वर आणि तोच खाली. दोघांची गाठ असते ती तेवढीच.

आमच्या लग्नाला वर्ष होत आलं, तेव्हा म्हटलं, लोकांसाठी इतकं करते, एकदा स्वतःसाठी करू. समर्थ चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्या फोनमधले सगळे फोटो मी उतरवून घेतले. फोटोसोबत तारीख असते, जागाही असते, त्यामुळे काम सोपं होतं. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त फोटोंत ती होती.

ती म्हणजे निशिगंधा, समर्थची पहिली बायको. कंपनीची बस चुकली म्हणून त्याला आणायला स्कूटरवर निघाली आणि चाकण रस्त्यावरच्या एका वळणावर कंटेनरखाली गेली. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी चिखलीच्या आमच्या घरात चार दिवस राहून दाखवावं! वाटी घ्या, तिच्यावर ‘निशिगंधा’ कोरलेलं. ताट घ्या, निशिगंधा. पाण्याच्या पिंपावरसुद्धा निशिगंधा. मी मेथी केली की समर्थ निमूट जेवतो, आणि मला कळतं की तिची मेथी वेगळी व्हायची. त्यापेक्षा तो भांडला असता तर परवडलं असतं.

लग्नानंतर सासूबाईंनी माझ्या हातावर लाल दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक ठेवला होता. त्यावर बाईची आकृती ठोकून काढलेली.

“गळ्यात घाल. सवतीचा टाक हाय. आधी तिला निवद, मग तुझा घास.”

“आई, मी असलं काही घालणार नाही.”

“नगं घालू. पर तिची जागा तिला दे बाई. न्हाईतर शोधत येती.”

मी तो टाक कपाटाच्या खणात टाकला आणि वर शाली रचल्या.

तर त्या फोटोंतून मी तिला काढून टाकलं. एकेक करून काढलं आणि, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तिच्या रिकाम्या झालेल्या क्रमांकांवर आमचे प्रसंग बसवले. एक नंबरला आमचं लग्न.

लग्नाच्या वाढदिवशी मी रजा घेतली. समर्थची पहिली शिफ्ट होती. मोटरसायकल काढताना त्याला म्हटलं, “आज थेट घरी ये. सरप्राइज आहे.” तो हसला. दुपारी सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. उकाडा होता, पडदे ओढलेले होते आणि खालच्या वर्कशॉपमधली प्रेस धाप धाप करत होती. मी लॅपटॉप उघडून पहिली तारीख दाबली.

फोटो आमच्या लग्नाचाच उघडला. नकाशा मात्र थेरगावच्या हॉलवर गेला नाही. तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि चाकण रस्त्याच्या त्या वळणावर थांबला.

क्रमांकांची गल्लत, मी म्हटलं. तिच्या जुन्या जागा कुठेतरी उरल्या असणार. मी सगळं पुसलं, थेरगाव पुन्हा हाताने टाकलं आणि तारीख दाबली. पुन्हा वळण. मग मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. समर्थच्या फोनमध्ये त्या वळणाचा एकही फोटो नव्हता. तिथे कोण कशाला फोटो काढेल? मग ती जागा आली कुठून?

मी पुढची तारीख दाबली. आमची लोणावळ्याची सहल. ठिपका कुरुळीला पेटला. वळणापासून थोडा अलीकडे.

त्याच्या पुढची तारीख माझ्या वाढदिवसाची. ठिपका मोशीत.

ठिपके भलतीकडे नव्हते जात. एकाच रस्त्यावरून, एकाच दिशेने येत होते... घराकडे.

खालची प्रेस थांबली. इतका वेळ तिचा त्रास होत होता, आता ती बंद पडली तर श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटू लागली. आणि स्वयंपाकघरातून वास आला. लसणाच्या फोडणीचा, तीत मेथी पडल्यावर येतो तसा. मी उठून पाहिलं. गॅस बंद. ओटा कोरडा.

“आली का गं...?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“कोण, आई?”

मी डोकावले, तर त्या भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या.

परत आले तेव्हा दिवाळीची तारीख आपोआप दाबली गेली होती. ठिपका आमच्या गल्लीत होता. मी लॅपटॉप फटकन मिटला. जिन्यावर पावलं वाजली... आणि बेल.

दारात समर्थ उभा होता. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि रडू आत गेलं. असा फुललेला चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

“कमाल आहे राव तुझी! हे सरप्राइज होय?”

“कोणतं?”

“आता वेड पांघरू नको. त्या वळणावर तोंडाला स्कार्फ बांधून उभी काय राहिलीस, मागे काय बसलीस. अख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. मी गाडी लावेपर्यंत वर येऊन साडीसुद्धा नेसलीस?”

मी दाराची चौकट धरली. जिना रिकामा होता.

“आणि...” त्याचा आवाज एकदम हळवा झाला. “टाक घातलास ना गळ्यात? पाठीला टोचत होता सगळ्या वाटेनं. मला किती बरं वाटलं, काय सांगू साक्षी.”

मी नव्हते, हे सांगायला मला एक क्षण पुरला असता. पण मग ते हसू कुणाचं ठरलं असतं? तिचंच. ताट तिचं, वाटी तिची, आता हेही तिचं? अंगाचा नुसता तिळपापड झाला. भीतीपेक्षा ती आग मोठी निघाली.

“हो,” मी म्हणाले. “मीच होते.”

आत सासूबाई झोपेतच खुदकन हसल्या.

समर्थ हातपाय धुवायला गेला, तसा मी खण उघडला. टाक शालींखालीच होता. दोरा मात्र घामाने ओला होता.

तेव्हापासून नकाशा अगदी बरोबर चालतो. लग्न दाबलं की थेरगाव, सहल दाबली की लोणावळा. रस्त्यावर कुठे ठिपका भरकटत नाही. फक्त फोटोंत, आमच्या प्रत्येक फोटोत, समर्थच्या शेजारच्या बाईच्या गळ्यात लाल दोरा आहे आणि त्यात तो टाक. मी तो आजवर कधीच घातलेला नाही. त्या बाईच्या चेहऱ्याकडे मी जितकं निरखून बघते, तितकी माझी खात्री कमी होते.

परवा न राहवून समर्थला स्क्रीनजवळ बोलावलं. “नीट बघ,” म्हटलं, “ही कोण आहे?”

तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“असं काय करतेस? तूच की.”

आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?