नऊशेवा फोटो

हे खरं आहे. मला रंगवून सांगायची खोड आहे हे आमच्या अख्ख्या वर्गाला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते... यातलं काहीही रंगवलेलं नाही. रंगवलेलं असतं तर बरं झालं असतं.

आणि रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. भावनगर, आमच्या ज्ञातीची वाडी, म्हणजे समाजाचं कार्यालय. संध्याकाळी सात वाजता माझ्या आजोबांच्या, दादांच्या, पंचाहत्तरीचा सोहळा होता.

निकुंजकाकांचा मांडव आणि दिव्यांचा धंदा आहे. या वेळी त्यांनी स्टेजवर बारा फुटी एलईडी भिंत उभी केली होती. आमच्या घराण्यातल्या माणसांचे नऊशे बारीक फोटो तिच्यावर एकेक करून येणार आणि सगळे जागेवर बसले की दुरून दादांचा चेहरा दिसणार. फोटो गोळा करायचे, सारखे कापायचे, संगणकात भरायचे, हे सगळं काम माझं. एकटीचं! मी दहावीत आहे, पण यात काकांना माझ्यापुढे काही येत नाही, आणि ते त्यांनी चारचौघांत कबूल केलंय.

"नऊशे म्हणजे नऊशे हं, हेत्वी," काकांनी बजावलं होतं. "एक जरी कमी पडला तर मशीन कुणाचा तरी फोटो दोनदा लावतं. मग सुरतवाले वर्षभर बोलून दाखवतील, त्यांचा दोनदा आणि आमचा एकदाच का म्हणून!"

साडेतीनला मोजले. आठशे नव्व्याण्णव.

मी ख्यातीला फोन लावला. ख्याती माझी आतेबहीण. माझ्याच वयाची, जन्माची भांडखोर, आणि जगात मला सगळ्यात जवळची. मम्मी-पप्पांबरोबर ती राजकोटहून गाडीने निघाली होती.

"तुझा अजून एक फोटो पाठव ना."

"का? एकात मावत नाही का माझं सौंदर्य?"

"जीभ बाहेर काढलेला पाठवलायस, बावळट."

"तोच ठेव. आणि दादांच्या नाकात लावलास ना, तर भर स्टेजवर तुझी वेणी कापीन!"

आवाज तुटला. रेंज गेली.

मग मला विलासफोई आठवली.

दादांची धाकटी बहीण, पप्पांची फोई म्हणजे आत्या. पन्नास वर्षांपूर्वी गेली, एकोणिसाव्या वर्षी. घरी बैठकीच्या खोलीत तिचा फोटो आहे, सुखडाचा, चंदनाचा हार घातलेला. सकाळी भिंतीवरचे सगळे जुने फोटो मोबाइलवर टिपताना मी तोही टिपला होता. पण वाढदिवसाला हारवाला फोटो कसा लावायचा? म्हणून मी मोबाइलवरच त्या हारावरून बोट फिरवलं.

दोन सेकंदांत हार गायब. गळा, साडीचा काठ, सगळं जागच्या जागी. जणू कालच काढलेला फोटो.

इतकी खूश झाले मी स्वतःवर! फोटो संगणकात टाकला, नऊशे पूर्ण.

"मी चहा-गाठिया खाऊन येतो," काका म्हणाले. "तोवर एकदा चालवून बघ."

मी चालू केलं.

प्रत्येक फोटो आधी भिंतभर मोठा होतो. मग लहान होत आपल्या चौकोनात जाऊन बसतो. बसताना आवाज येतो. टक्.

टक्. टक्. टक्.

मागच्या स्वयंपाकघरात आचारी महाराजांची माणसं उंधियूच्या भाज्या चिरत होती. भांडी आपटत होती, एकमेकांवर ओरडत होती.

विलासफोईचा फोटो आला. मोठा झाला. लहान झाला. जागेवर बसला...

टक् झालं नाही.

मग माझ्या लक्षात आलं... मागचे आवाजही थांबलेत. भांडी नाहीत. ओरडणं नाही. डोक्यावर पंखे फिरत होते, पण त्यांचाही आवाज नव्हता.

आणि वास आला... सुखडाचा.

भिंतीवर ख्याती आली.

जीभ बाहेर नव्हती. ओठ मिटलेले. डोळे मिटलेले.

आणि गळ्यात... हार.

मी सगळी बटणं दाबली. फोटो लहान होईना, जाईना. मी ख्यातीला फोन लावला. लगेच उचलला.

"ख्याती? कुठे आहात तुम्ही? ख्याती, बोल ना!"

कुणी बोललं नाही. फक्त कोरडी खसखस ऐकू आली... वाळका हार कापडावर घासावा तशी.

मी फोन कट केला आणि घरी आजीला, बांना, लावला.

"बा, मी विलासफोईच्या फोटोवरचा हार काढला. म्हणजे खरा नाही, मोबाइलमधल्या..."

बांनी मला मध्येच थांबवलं.

"नवा घातल्याशिवाय जुना काढलास?"

ती आमच्या घरची रीत आहे. श्राद्धाच्या दिवशी हार बदलतात, पण आधी नवा चढतो, मग जुना उतरतो. मला वाटायचं, बांचं काहीतरी खूळ.

"पन्नास वर्षांत तो गळा मी एक क्षण उघडा ठेवला नाही, दीकरी! हार असला की तिला आठवण राहते, आपण गेलोय याची. नसला की ती उठून घरात येते. आणि तिच्या वाट्याचा हार मग..."

"ख्यातीच्या गळ्यात आहे, बा."

"चढव परत! रडतेस काय? आधी चढव!"

हारवाला मूळ फोटो मोबाइलमध्ये होता. घाईत दोनदा चुकीचाच पाठवला. तिसऱ्यांदा बरोबर गेला, आणि संगणकावरची ती हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकायला लागली. भिंतीवर ख्यातीच्या गालांचा रंग उतरत होता. आधी फिकट... मग राखाडी...

टक्.

"अरे, मीठ कुणी टाकलं परत?" मागून कुणीतरी खेकसलं. भांडी वाजली. पंखे घरघरले.

भिंतीवर ख्याती जीभ काढून माझ्याकडे बघत होती. मी तिथेच स्टेजवर बसून हमसून हमसून रडले.

साडेपाचला त्यांची गाडी आली. ख्यातीची मम्मी उतरताच सांगायला लागली.

"शिहोरच्या अलीकडे... चांगली बडबडत होती गं... एकदम मान टाकली. श्वासच नाही! ह्यांनी रस्त्याच्या कडेला छाती दाबली. आम्हाला वाटलं, गेली... आणि मग पटकन डोळे उघडले."

डॉक्टरांनी तपासलं. काहीच निघालं नाही.

बा ख्यातीचा चेहरा ओंजळीत धरून बराच वेळ बघत राहिल्या.

सोहळा झाला. नऊशे फोटोंतून दादांचा चेहरा उमटला तेव्हा अख्खी वाडी टाळ्या वाजवत उभी राहिली. विलासफोई हारासकट दादांच्या कानाच्या पाळीत होती. मी तिकडे बघितलं नाही.

ख्याती बरी आहे. जेवते, हसते. फक्त भांडत नाही. मी मुद्दाम खोडी काढते, तरी नाही.

आणि अजून एक आहे...

माझा मोबाइल चेहरे ओळखून प्रत्येकाचे फोटो आपोआप वेगळे ठेवतो. त्या शनिवारपासून ख्यातीचा प्रत्येक नवा फोटो विलासफोईच्या फोटोपाशी जाऊन पडतो. मग दोन्ही चेहरे शेजारी-शेजारी दाखवून मोबाइल विचारतो, ही एकच व्यक्ती आहे का?

मी "नाही" दाबते. दुसऱ्या दिवशी तो परत विचारतो.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, ख्याती आमच्याकडे आली होती. गच्चीवर पतंगांचा नुसता कल्ला, आणि आम्ही दोघी पाण्याच्या टाकीला टेकून फोटो बघत होतो. तेवढ्यात तोच प्रश्न आला. मी घाईघाईने बोट पुढे केलं...

ख्यातीने माझा हात हळूच बाजूला केला.

आणि "हो" दाबलं.