वळसंगची गाडी

भारत कोळेकरांना स्कूटर नको होती. हे त्यांनी बायकोला, जावयाला आणि हाडांच्या डॉक्टरीणबाईंना तीन वेगवेगळ्या वेळी सांगून झालं होतं आणि तिघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

चौतीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढलेला माणूस. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या भागांतल्या मेंढरांना लस टोचत फिरला तो बुलेटवरून. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी होटगी रस्त्यावर म्हैस आडवी आली, बुलेट अंगावर पडली आणि डाव्या मांडीचं हाड दोन जागी मोडलं. आत सळई बसली, तीन स्क्रू बसले. उजवं मनगट तेव्हापासून पुरतं वळेना. बुलेट जुळे सोलापुरातल्या त्यांच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. ती विकायला ते तयार नव्हते, पण तिच्यावर टांग टाकणंही आता होत नव्हतं. म्हणून दुसरी गाडी हवी होती, आरामाची.

भारतराव शिंप्याची टेप खिशात घालून शोरूम हिंडले. जमिनीपासून सीट अठ्ठावीस इंचांच्या वर नको. पाय पुढे टाकून बसता आलं पाहिजे, कारण गुडघा काटकोनाच्या पुढे दुमडत नाही. हँडल आपल्याकडे ओढलेलं हवं. वजन एकट्याला आवरेल एवढंच. प्रत्येक ठिकाणी काहीतरी एक जुळायचं आणि बाकीचं राहायचं. दोन महिने असे गेले.

मग कुंभारीच्या एका ओळखीच्या मेंढपाळाने सांगितलं, "सायेब, वळसंगला एक बाई गाडी इकतीया. जाऊन बगा की."

ते दुपारच्या एसटीने गेले. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, पुढे लिंबाखाली गाडी. टाकीवरचं कंपनीचं नाव खरवडून काढलेलं. सीट रुंद, बुटकी, मधोमध खोलगट. पाय ठेवायचे दांडे पुढे सरकवलेले. बाईंचं नाव चंद्रव्वा. साठीच्या पुढच्या, पण चाल ताठ आणि भराभर. त्या गाडीच्या जवळ आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "बसून बगा."

भारतराव बसले. टांग टाकावी लागलीच नाही, पाय नुसता पलीकडे गेला. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. हँडल हातात असं आलं, की मनगट वळवावंच लागलं नाही. त्यांनी सवयीने टेप काढली आणि तशीच खिशात ठेवली. मोजायची गरज नव्हती. दोन वर्षं मांडीत एक ठसठस वस्तीला होती, झोपेतसुद्धा. ती थांबली होती.

"मालकांची होती का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. कमरंतनं गेले होते ते. या गाडीवर तेवढं बरं वाटायचं त्यास्नी." मग चंद्रव्वांनी विचारलं, "तुमच्या घरात कोन कोन हाय?"

"का हो?"

"एकल्या मान्साला द्यायची हाय. बायकापोरं असतील त्या घरात मी देनार न्हाय."

भारतरावांना वाटलं, असेल काहीतरी गावाकडची समजूत. आयुष्यभर त्यांनी खेड्यांत असल्या पन्नास समजुती ऐकल्या होत्या आणि मान डोलवून आपलं काम उरकलं होतं. गाडीवरून उतरताच मांडी पुन्हा ठसठसायला लागली होती.

"एकटाच हाय," ते म्हणाले.

चंद्रव्वांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि त्या आत गेल्या.

पहिल्या आठवड्यात भारतराव मंद्रूपला जाऊन आले, तांदूळवाडीला जाऊन आले, उगीचच विजापूर रस्त्याला तास-तास फिरले. घरी येऊन तीन जिने कठड्याला न धरता चढले. एके दिवशी चटणीच्या बरणीचं घट्ट झाकण त्यांनी उजव्या हाताने सहज फिरवलं आणि मग लक्षात आलं, की मनगट वळलं.

"बघितलंस का?" ते बायकोला, सिद्धेश्वरीबाईंना म्हणाले. "गाडी बरोबर असली की शरीरसुद्धा ऐकतं."

सिद्धेश्वरीबाईंनी बरणीकडे बघितलं. "मला उघडंना झालं होतं ते," त्या म्हणाल्या.

त्या शाळेत शिक्षिका होत्या. वीस वर्षं लुनावरून शाळेत गेल्या, कधी डोकं दुखलं म्हणूनही रजा घेतली नव्हती. त्या आठवड्यात भाकरी थापताना त्यांचा हात अडायला लागला. भाकरी एका बाजूला जाड राहायची. नंतरच्या आठवड्यात त्या खुर्चीवरून उठताना टेबलाला धरायला लागल्या. भारतरावांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. वय झालं, म्हणाले. आणि गाडी काढून फिरायला गेले.

महिन्याच्या शेवटी सिद्धेश्वरीबाई जिन्यात बसल्या त्या बसल्याच. डावी मांडी दोन्ही हातांनी आवळून धरलेली.

"कुठं दुखतंय?"

त्यांनी बोटाने दाखवलं. मग जरा खाली, दुसऱ्या जागी दाखवलं. भारतरावांचा हात नकळत आपल्या मांडीवर गेला. त्याच दोन जागा होत्या.

ज्या डॉक्टरीणबाईंनी भारतरावांचं ऑपरेशन केलं होतं, त्यांच्याकडेच ते गेले. एक्स-रेचा फोटो काढून झाला. डॉक्टरीणबाईंनी तो पडद्यावर बघितला आणि आत ओरडल्या, "अगं वैष्णवी, हा कोळेकर काकांचा जुना फोटो लावलास. काकूंचा दे."

आतून मुलीचा आवाज आला, "काकूंचाच आहे मॅडम. आत्ताचाच."

पुन्हा काढला. बाई स्वतः आत जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर आल्या आणि त्यांनी पडदा भारतरावांकडे वळवला.

मांडीच्या हाडात सळई होती. तीन स्क्रू होते. मधला स्क्रू हाडाच्या बाहेर कणभर जास्त आलेला.

"तो मधला मीच बसवला होता," बाई हळू म्हणाल्या. "जरा लांब झाला होता. तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं."

सिद्धेश्वरीबाईंच्या मांडीवर कातडी अखंड होती. टाका नाही, व्रण नाही, सुई टोचल्याची खूणसुद्धा नाही.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही झोपा बरं टेबलावर."

भारतरावांच्या मांडीवर नऊ इंचांचा व्रण जसाच्या तसा होता. आत हाड पांढरं, सरळ, स्वच्छ होतं. मोडल्याची रेघही नव्हती.

 भारतरावांना समजत काहीच नव्हतं, फक्त एक वाक्य डोक्यात घुमत होतं. एकटाच हाय.

त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. पंधरा दिवस वाट बघितली. आपली मांडी ठसठसेल म्हणून सकाळी जागे झाले की डोळे मिटूनच पडून राहायचे. ती ठसठसायची नाही. शेजारी सिद्धेश्वरीबाई कण्हायच्या.

सोळाव्या दिवशी ते वळसंगला गेले. चंद्रव्वा लिंबाखाली शेंगा फोडत बसल्या होत्या. भारतरावांनी काहीच आडपडदा ठेवला नाही. खोटं बोललो, म्हणाले. घरी बायको आहे. गाडी फुकट परत घ्या, पण काय करायचं ते सांगा.

चंद्रव्वांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"येन माडोदु," त्या कन्नडमधून स्वतःशीच पुटपुटल्या. "आता काय करायचं बाबा. मी इचारलं होतं की तुमाला."

"तुम्हालापण झालं होतं?"

"व्हय. मालक फिरायचे, आनी मी हितं जमिनीवर सरपटायची. कंबर जाग्यावर न्हवती माजी."

"मग? आता तर चांगल्या चालताय तुम्ही!"

"मी बसले गाडीवर. एक डाव. म्हनलं, ज्याचं त्याला परत जाईल."

"आणि गेलं?"

"माज्याकडनं गेलं," चंद्रव्वा म्हणाल्या.

भारतरावांना एवढंच हवं होतं. ते उठले, त्यांनी हात जोडले. चंद्रव्वा मागून म्हणाल्या, "ती गाडी हितं आनू नका. आनून काय करू? घरात आता कोन उरलं न्हाय." विधवा बाईचं बोलणं म्हणून ते त्यांनी ऐकलं आणि एसटी चुकू नये म्हणून झपाझप पावलं टाकली. सरळ, न लंगडता.

रविवारी सकाळी साडेदहाला ते सिद्धेश्वरीबाईंना आणि गाडीला घेऊन कॉलनीच्या मागच्या मोकळ्या मैदानावर गेले. गाडी ढकलत नेली, चालवली नाही. मैदानावर कुणी नव्हतं. एका कोपऱ्यात सुकायला घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगत होत्या.

"अहो, नको," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "परत तुम्हालाच होणार ते."

"माझंच हाय ते. दोन वर्षं सवय हाय मला."

"मला नाही बघवायचं."

"आणि मला बघवतंय?"

 सिद्धेश्वरीबाईंनी पदर खोचला. पाय सहज पलीकडे गेला. भारतरावांनी क्लच, ब्रेक दाखवला आणि पहिला गिअर टाकून दिला. लुना चालवलेली बाई, तोल जाण्यातली नव्हती. गाडी पुढे सरकली. भारतराव दहा-बारा पावलं बरोबर चालले, मग त्यांनी हात सोडला.

ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले. डोळे मिटले. मांडीत कळ येईल तेव्हा पडू नये म्हणून पाय फाकवून, दात आवळून उभे राहिले. दुखणं जातं ते जिवातल्या माणसाकडे, एवढं त्यांनी ताडलं होतं. सिद्धेश्वरीचा जीव आपल्यातच अडकलाय, दुसरीकडे कुठे जाणार ते? चाळीस वर्षांच्या संसारात याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

गाडीचा आवाज लांब गेला, वळला, जवळ आला.

"अहो!"

सिद्धेश्वरीबाई उतरून उभ्या होत्या. कशालाही न धरता. उजवं मनगट त्यांनी गोल फिरवून दाखवलं. चेहऱ्यावर महिन्याभराने रंग आला होता.

"तुम्हाला? आलं का?"

भारतरावांनी डाव्या पायावर जोर दिला. एकदा, दोनदा. मग एका पायावर उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे गेलं!" त्या रडायला लागल्या, रडता रडता हसल्या. "कुठंतरी गेलं एकदाचं. लई हलकं वाटलं हो गाडीवर. असं वाटलं, संस्कृती आत्ता पुढं बसलेली पाहिजे होती. सगळा वेळ तिचंच तोंड दिसत होतं बघा."

संस्कृती त्यांची नात, जेऊरला दिलेल्या उत्कर्षाची मुलगी. पाच वर्षांची.

भारतरावांनी बायकोकडे बघितलं.  त्यांनी लगेच खिशातून मोबाईल काढला.

उत्कर्षाने व्हिडिओ कॉल लगेच उचलला. ती हसत होती. मागे जेऊरच्या घराची फरशी, दारातून येणारं ऊन.

"आण्णा, बरं झालं फोन केला. ही बघा तुमची नात. पाच मिनिटं झाली, घरभर लंगडी घालत फिरतीय. पाय खाली टेक म्हटलं तर टेकत नाही. बघा तरी नखरे!"

तिने मोबाईल वळवला. फरशीवरून एका पायावर उड्या मारत संस्कृती कॅमेऱ्याकडे आली. डावा पाय तिने वर दुमडून धरला होता.

संस्कृती हसत नव्हती.