नमुन्यादाखल प्रसन्न

२०६१ साली साताऱ्याच्या शकुंतला गव्हाणे यांनी हृदयाचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललं, कारण त्यांचा मुलगा प्रसन्न दुबईहून यायचा होता. शकुंतलाबाईंना मूलबाळ नव्हतं. प्रसन्न हा मुक्तेश पडवळच्या हातून झाला होता, चुकून.

मुक्तेश पूर्वी मंगल कार्यालयांच्या वेबसाइट बनवायचा. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांच्या कानामागे बसवायची, आठवणी मेंदूत पोचवणारी 'स्मरणकणी' निघाली, तेव्हा तिच्यासाठी ॲप लिहिणारी माणसं मिळेनात. मग 'वेष्टण' आलं. वेबपेज एकदाच लिहायचं आणि वेष्टणात घालायचं; ते डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर, नातेवाइकांच्या मोबाइलवर आणि आजींच्या मेंदूत सारखंच चालायचं. मेंदू म्हणजे मुक्तेशच्या लेखी आणखी एक लहान स्क्रीन.

पेशंटच्या माहितीचं पेज रिकामं बरं दिसत नाही म्हणून त्याने 'अपत्य' या रकान्यात नमुना भरून ठेवला: प्रसन्न, वय चौतीस, दुबई, दर रविवारी फोन करतो, भरलं वांगं आवडतं. तो काढायचा राहिला. कॉम्प्युटरवर नमुना फिकट अक्षरांत दिसायचा. आठवणीत फिकट अक्षरं नसतात. मूल नसलेल्या अकराशे बेचाळीस वृद्धांना एकच मुलगा झाला.

"फक्त शकुंतलाबाईंपुरता पुसता येईल?" डॉ. नफीसा मुजावर यांनी मुक्तेशला विचारलं. स्मरणकणी त्यांनीच शोधली होती.

"नाही मॅडम. पेज एकच आहे. एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. आमची जाहिरातच ती होती."

"आठवड्यात ऑपरेशन झालं नाही तर या जातील."

"मग बाकीच्यांना विचारू या?"

"काय विचारणार? मुलगा ठेवू की काढू?"

निदान शकुंतलाबाईंना सांगावं म्हणून मुक्तेश त्यांच्या खाटेशी बसला.

"आजी, प्रसन्न खरा नाहीये. मी लिहिलाय."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग पोराबाळांतलं तुला काय कळतंय! परवा अर्धा तास बोलला माझ्याशी."

"ते तुम्हाला आठवतंय, आजी. घडलेलं नाही."

शकुंतलाबाईंनी चष्मा चढवून त्याला नीट पाहून घेतलं.

"वांगं कुणाच्या आवडीचं?"

"माझ्या."

"मग बाकीचं एवढं चांगलं कुठून सुचलं रे तुला?" त्यांनी त्याचा हात धरला. "हे बघ, मी गेले तर गेले. पोराला हात लावू नकोस."

मुक्तेश बाहेर आला आणि त्याने एक ओळ खोडली. चार सेकंद लागले. एरवी अपडेटला इतका कमी वेळ लागला की तो पेढे वाटायचा.

शकुंतलाबाईंनी लगेच फॉर्म मागवून सही केली. वर नर्सला झापलं, "इतके दिवस मला कशापायी ताटकळत ठेवलंत?" ऑपरेशन उत्तम झालं.

दुसऱ्या दिवशी मदतकेंद्राचे फोन वाजायला लागले. माणसं कमी पडली म्हणून एक मुक्तेशने उचलला. बार्शीचे एक आजोबा होते.

"तक्रार नोंदवायचीय."

"बोला, काय झालंय?"

"तेच कळेना बघा. कालपर्यंत काहीतरी होतं. आज नाही. आमची हीपण सकाळपासून घरभर शोधतीय."

"काय शोधतायत?"

"तिलाही माहीत नाही. तुमच्याकडे कुठं आलं असेल तर बघता का जरा?"

"बघतो," मुक्तेश म्हणाला.